ओहिरा सुटला नाही

कुवाबारा इसाओ जन्मभर बर्फच बघत आला. आधी नोकरी म्हणून, कारण घाटरस्त्यावरचा बर्फ उडवणारं यंत्र तोच चालवायचा. निवृत्त झाल्यावर तरी माणूस घरात टेकेल, तर नाही. गावच्या कचेरीने विचारलं, रस्त्यावरच्या उतारांवर तुम्हीच लक्ष ठेवाल का, आणि हा जणू त्याचीच वाट बघत बसला होता. हिवाळाभर रोज सकाळी फावडं खांद्यावर टाकून तो वर जायचा, धोका नसलेल्या एखाद्या जागी छातीइतका खोल खड्डा खणायचा आणि खड्ड्याच्या भिंतीवरून बोट फिरवत उभा राहायचा.

"अहो, माझ्या तोंडाकडे कधी एवढं निरखून बघितलंत का?" त्याची बायको फुसाए विचारायची.

"तुझ्या तोंडात थर नाहीत," हा म्हणायचा.

"आहेत की. तुम्ही कधी खणलं नाहीत."

खणण्यात त्याचा हात कुणी धरला नसता. बर्फ एकावर एक असा थराथराने साठतो, आणि कुठला थर खालच्याला घट्ट धरून आहे आणि कुठला नुसता वर टेकलाय, हे भिंतीवर बोट फिरवलं की त्याला कळायचं. मग तो बर्फाचा एक खांब कापून मोकळा करायचा, त्यावर फावड्याचं पातं ठेवायचा आणि आधी हलक्या हाताने, मग कोपरापासून, मग सगळा जीव लावून थापटत जायचा. खांब कधी तुटतो आणि कसा तुटतो त्यावर घाटरस्ता उघडा की बंद ते ठरायचं. सरकारी कागदात याला हिमस्खलनाचा अंदाज म्हणतात. गावात नुसतं विचारतात, "काय इसाओसान, सुटणार का?"

आमच्या कामिकाजिरोचा बर्फ समुद्रावरून येतो, ओला आणि जड. पडतो तेव्हा भयंकर, पण दोन रात्री गेल्या की आपल्याच वजनाने बसतो. हे गावातलं पोर चालायच्या आधी शिकतं. ताप आला, भांडण झालं, नवी सून रुसली, सगळ्यावर आमच्याकडे एकच औषध, दोन रात्री जाऊ द्या.

त्या वर्षी नवं वर्ष उजाडलं तेच निरभ्र आकाश घेऊन. वारा नाही, ढग नाही, आणि थंडी अशी की तोंडातला शब्द बाहेर पडायला मागेना. सकाळी उठून फुसाएने दार सरकवलं आणि हाकच मारली, "अहो, या तरी बघायला!" साऱ्या बर्फावर गोठलेल्या दवाची पिसं उगवली होती. नखाएवढी पातळ, उभीच्या उभी, आणि उन्हात अशी लखलखत होती की डोळे ठरेनात. फुसाए लहान मुलीसारखी हरखून गेली होती. इसाओ नुसता "हं" म्हणाला आणि न्याहारीचं मिसोचं सूप अर्धंच पिऊन उठला.

एरवी असली पिसं वारा मोडून टाकतो, नाहीतर पाऊस. त्या वर्षी दोन्ही आलं नाही. नंतर बर्फ पडला तोही अगदी अलगद, झोपलेल्या माणसावर पांघरूण घालावं तसा, आणि पिसं उभीच्या उभी त्याच्याखाली गेली. असला थर दोन रात्रींत बसत नाही. तो आठवडेच्या आठवडे वरचं ओझं गुपचूप पेलत राहतो आणि एक दिवस एकदम सोडून देतो. इसाओने हे एकदाच पाहिलं होतं, तेही दुसऱ्या खोऱ्यात, कचेरीने शिकायला पाठवलं होतं तेव्हा. आमच्या खोऱ्यात असं होत नाही, हेच जो तो सांगायचा.

आणि नेमकं त्याच वर्षी त्याच्या मुलाचं, शुनपेईचं, बेचाळिसावं लागलं.

बेचाळिसावं वर्ष पुरुषाला घातक. म्हणून जानेवारीच्या मध्यात देवळापुढे मोठा जाळ पेटतो, आणि त्यासाठी त्या वर्षीच्या बेचाळिशीतल्या पुरुषांनी डोंगरदेवीच्या राईतून बुनाचं, म्हणजे बीचचं, झाड तोडून, ओढत खाली आणायचं. ते झाड जळतं तेव्हा त्यांचं वाईट वर्ष त्याच्यासोबत जळतं. आता राईत जायची वाट एकच, ओहिराच्या उतारावरून आडवी. शुनपेई खालच्या शहरात गाड्या दुरुस्त करतो, पण तुकडीचा म्होरक्या म्हणून त्याचंच नाव निघालं आणि महिनाभर आधीपासून तो दर रविवारी गावात येऊन दोर वळत बसला होता. त्याचा जिवलग दोस्त केनगो सोबत असायचाच. दोघं कोतात्सूखाली, म्हणजे शेगडीच्या गोधडी घातलेल्या मेजाखाली, पाय घालून संत्री सोलायचे आणि शाळेतल्यासारखे खिदळायचे. इसाओला मुलाला इतकं खुशीत बघून किती वर्षं झाली होती.

आदल्या संध्याकाळी जेवताना तो म्हणाला, "मला ओहिरा पटत नाहीये. सकाळी खणून बघतो, मग सांगतो."

"बाबा, दोन रात्री झाल्यात," शुनपेई म्हणाला.

"ह्या खेपेला दोन रात्रींचं काही खरं नाही."

"बरं. पण सांगायचं ते शुद्धीच्या आधी सांगा. एकदा साके तोंडाला लागली की सांगू नका. तुम्हाला माहितीये."

त्याला माहीत होतं. देवळात शुद्धीची साके, तांदळाची दारू, प्यायली की झाड खाली येईपर्यंत कोसळणं, घसरणं, गाडलं जाणं, मरणं, असला एक शब्द कुणी उच्चारायचा नाही. उच्चारला तर तो ओढवतोच. मग तुकडीने तिथूनच मागे फिरायचं, थंडगार पाणी अंगावर घ्यायचं, आणि त्या वर्षी झाड नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा निघू म्हणून चालत नाही.

पहाटेच तो ओहिराच्या बाजूच्या एका छोट्या, आडोशाच्या उतारावर गेला. तोंड त्याच दिशेला, बर्फ तोच. खांब कापला, फावडं वर ठेवलं, आणि थापटायच्या आधीच वरचा सगळा भाग तव्यावरून घावन सुटावं तसा सुटून त्याच्या पायावर आला. खाली राखाडी रेघ दिसत होती. भिंग लावून पाहिलं तर तीच पिसं होती, एकही न मोडलेली.

तेव्हाच उतरायला हवं होतं. पण समोर मुलाचा चेहरा आला. खात्री नसताना पोराच्या वर्षाला आपण खोडा घालायचा? म्हणून थोडं पलीकडे जाऊन त्याने दुसरा खड्डा खणला. तिथेही तेच. त्याने शुनपेईला मोबाईल लावला तर तो घरातच वाजला. "इथेच ठेवून गेला हो," फुसाए म्हणाली, "आज कुणीच नेत नाही ना!" इसाओ पुलापर्यंत पोचला आणि देवळातला ढोल वाजला. साठी ओलांडलेला तो माणूस तिथून जो धावत सुटला तो देवळाच्या कमानीपर्यंत थांबला नाही.

साके पिऊन झाली होती. पांढऱ्या कपड्यांत, गवताचे जोडे घालून तुकडी ओळीने निघाली होती. इसाओ कमानीखाली दोन्ही हात पसरून उभा राहिला.

"थांबा. मी माझ्या मुलाला जाऊ देणार नाही. आज डोंगर बरा नाही."

सगळ्यांनी एकच हलकल्लोळ केला. कारण रीतच तशी. म्होरक्याच्या बापाने कमानीत वाट अडवायची, माझा मुलगा देणार नाही म्हणून गयावया करायची, आणि तुकडीने हसत हसत त्याच्या तोंडाला बर्फ फासून त्याला बाजूला ढकलायचं. बाप जितकी कळवळून विनवणी करील तितका सण रंगतो. मागे एकाने वाटेत आडवं पडून टाहो फोडला होता, त्याचं कौतुक अजून निघतं.

"वा, इसाओकाका! धापा काय टाकताय, घाम काय आलाय!" केनगो ओरडला. "कुठे शिकलात हो?"

"मी सोंग करत नाहीये! आत्ता खणून आलोय. वरचा थर बसलेला नाही!"

"बसेल, बसेल, देवीला सांगतो आम्ही!" म्हणत कुणीतरी मूठभर बर्फ त्याच्या तोंडावर चोळला. इसाओने शुनपेईची बाही धरली. "शुनपेई, बाळा, माझ्या डोळ्यांत बघ." शुनपेईने बघितलं, आणि हसून हळूच म्हणाला, "बाबा, फार छान करताय. आता सोडा."

सगळ्यात वयोवृद्ध तोकुजिरोआजोबा काठी टेकत पुढे झाले. डोळे कौतुकाने ओले झाले होते म्हाताऱ्याचे. "पुरे आता, इसाओ. झकास झालं. हो बाजूला."

खांद्यांना धरून त्याला बाजूला केलं गेलं. तुकडी कमानीतून पार झाली. पहिल्या वळणापलीकडे ओहिरा दिसत होता, गुळगुळीत, नुकत्याच धुतलेल्या चादरीसारखा. इसाओला कळून चुकलं की खरं बोलायला आता चांगला म्हणावा असा एकही शब्द उरला नाही.

"ओहिरा कोसळणार!" तो ओरडला. "सगळे गाडले जाल! मराल सगळे!"

ढोल थांबला. ओळीतला कुणी वळेना. तोकुजिरोआजोबा होते तिथेच बर्फात खाली बसले आणि काठीवर कपाळ टेकवून म्हणाले, "काय केलंस रे, लेका."

शुनपेई सर्वांत शेवटी वळला. पोराच्या तोंडावर राग नव्हता. सगळ्या वर्गासमोर चड्डी ओली झालेल्या मुलाचा असतो तसा त्याचा चेहरा झाला होता, आणि तो पाहून इसाओला वाटलं, याच्यापेक्षा राग परवडला असता.

त्यांना विहिरीपाशी नेऊन अंगावर बादल्या ओतल्या. तोकुजिरोआजोबांनी मोडलेल्या तुकडीचा नियम सांगितला. तुकडीतल्या कुणी पुढच्या वर्षीचा जाळ पेटेपर्यंत ते शब्द तोंडातून काढायचे नाहीत, आणि ओहिराचं नावही घ्यायचं नाही. निदान तेवढं पाळलं तर वाईट वर्ष थोडं सौम्य जाईल. जाळासाठी देवळामागचे देवदार तोडले. धूरच फार झाला.

आता ओहिरा सुटला असता तर सगळं निभावलं असतं. पण तो सुटला नाही. आणखी बर्फ पडला, सुटला नाही. सोसाट्याचा वारा आला, सुटला नाही. इसाओ रोज पुलावर उभा राहून दुर्बीण लावायचा, आणि रोज ओहिरा जागच्या जागी.

"काय इसाओसान, आहे ना अजून?" दूधवाला गाडीतून विचारायचा. सहकारी दुकानात बायका म्हणायच्या, "आज छत्री न्यावी का हो? तुम्ही सांगाल तसं." इसाओ हसायचा. घरी येऊन कोतात्सूत पाय घातले की हसू गळून पडायचं.

"पडू दे ना एकदाचा," एका संध्याकाळी तो फुसाएला म्हणाला. "वर कुणी नसताना पडू दे. माझं म्हणणं एवढंच आहे."

"डोंगराने तुमच्यासाठी पडायचं होय?" फुसाए म्हणाली. "असं बोलू नका हो. भीती वाटते मला." मग चहा ओतत म्हणाली, "शुनपेईचा फोन नाही आला या रविवारीही."

मार्चमध्ये पाऊस झाला. इसाओने पुन्हा त्याच जागी खणलं तर पिसांची रेघ नावालाही नव्हती, वरपासून खालपर्यंत सगळा एकसारखा, भरड, ओला बर्फ. दाखवायला आता काहीच उरलं नव्हतं. तो चुकला होता की बरोबर होता, हे त्या पाण्याबरोबर ओढ्याला मिळालं. त्या दिवसापासून त्याला स्वतःचीच शंका यायला लागली. खरंच खांब आपोआप सुटला होता, की फावडं ठेवताना हाताचा भार गेला? मुलगा जायचा म्हणून बापाच्या डोळ्यांना दिसलं ते? ज्या माणसाने जन्मभर आपल्या बोटांवर विश्वास ठेवला, तो आता भात शिजला की नाही हेही बायकोला विचारू लागला.

आणि उन्हाळ्यात केनगोचं पोट दुखायला लागलं. निदान व्हायला वेळ लागला, मग वेळ असा राहिलाच नाही. गावाने तोंडाने काही म्हटलं नाही. इसाओ दुकानात शिरला की बोलणं थांबायचं, एवढंच. टोमणेही बंद झाले, आणि ते बंद झाल्याने त्याची झोप उडाली. शरद संपता संपता, पहिला बर्फ भुरभुरला त्याच आठवड्यात केनगो गेला.

अंत्यविधीला न जाऊन चालणार नव्हतं. काळे कपडे घालून इसाओ आणि फुसाए गेले. ऊद वाहून झाल्यावर इसाओ केनगोच्या आईपुढे, तोमिएपुढे, गुडघे टेकून बसला आणि डोकं चटईला लावलं. त्याला वर बघवेना. तोमिए म्हणाली, "इसाओसान, एक विचारू? झाड आलं असतं तर जळलं असतं का हो त्याचं वर्ष?"

ती टोचून बोलत नव्हती. तिला खरोखरच जाणून घ्यायचं होतं, आणि गावात हे सांगू शकेल असा माणूस तिला हाच दिसत होता.

"काकू," मागून कुणीतरी म्हणालं. भिंतीपाशी तुकडीतले बसले होते, त्यातला शुनपेई पुढे सरकला. "काकू, आम्ही गेलो होतो ओहिरावर. केनगो आणि मी."

"शुनपेई!" तोकुजिरोआजोबांनी दबक्या आवाजात दटावलं. "वर्ष संपलेलं नाही."

"केनगोचं संपलं, आजोबा." तो तोमिएकडे वळला. "जाळानंतरच्या रविवारी गेलो. पहाटेच, स्की लावून, कुणाला न सांगता. बाबांना खोटं पाडायचं होतं मला. ओहिरा आडवा पार करून राईतली एक फांदी आणायची आणि ती बाबांच्या दारात टाकायची, असं ठरवलं होतं. उताराच्या तोंडाशी पोचलो आणि पायाखालचा बर्फ धप्पकन खचला. सगळा, एकदम. माझ्या स्कीच्या टोकापासून भेग निघाली ती पार डोंगराच्या धारेपर्यंत पळत गेली; मागून बर्फ पडून बुजली, म्हणून कुणाला दिसली नाही. का सुटला नाही, माहीत नाही. आणखी एक पाऊल टाकलं असतं तर..." तो थांबला, आणि मग नियम मोडायचाच म्हणून एकेक शब्द उच्चारत गेला. "कोसळला असता. गाडले गेलो असतो. त्या दिवशी तुकडी गेली असती तर सगळेच्या सगळे मेलो असतो. केनगो जानेवारीतच गेला असता, काकू."

तोमिए म्हणाली, "ऑगस्टात आला होता तेव्हा काकड्या खाल्ल्या त्याने. अख्खी टोपली." आणि पदर नसलेल्या त्या काळ्या किमोनोच्या बाहीत तिने तोंड लपवलं.

"खाली उतरताना केनगो म्हणत होता, थेट काकांकडे जाऊ, सांगू त्यांना. मीच नको म्हणालो. नियम आहे म्हणालो." शुनपेई आता बापाकडे वळला होता. "नियम वगैरे काही नाही, बाबा. मला तुमच्यावर रागवायचं होतं. सांगितलं असतं तर रागावता आलं नसतं."

खोलीत सगळे इसाओकडे बघत होते. तोकुजिरोआजोबांनीही काठी बाजूला ठेवून मान लववली. हेच ऐकायला तो वर्षभर आसुसला होता. पुलावर, दुकानात, अंथरुणात, कुणीतरी एकदा म्हणावं, इसाओ, तुझं खरं होतं.

त्यातलं काही त्याच्या कानात शिरलंच नव्हतं.

"कुठे उभा होतास?" त्याने विचारलं.

"बाबा..."

"उताराच्या वरच्या तोंडाशी की खालच्या?"

"वरच्या."

"वरच्या?" इसाओचा आवाज फाटला. "भेग तुझ्या पायापासून निघाली? तुझ्या पायापासून? अरे मूर्खा, मी कमानीत उभा राहून... मी कशासाठी..." त्याने मुलाची बाही पकडली आणि गदागदा हलवायला लागला. फुसाए "अहो, अहो, इथे नको" म्हणत पुढे झाली, तुकडीतल्या दोघांनी त्याचे हात धरले, पण त्याची मूठ काही सुटेना. बेचाळीस वर्षांच्या पोराची बाही घट्ट धरून, तोमिएच्या घरी, सगळ्या गावासमोर इसाओ रडत होता आणि पुन्हा पुन्हा एकच विचारत होता, "तू वर का गेलास? तू वर का गेलास रे?"